तुरट वाइन आणि वर्षाची चटणी

काळ्या द्राक्षांची जड वाइन पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही. पाहुणे येतात, पेला उजेडाकडे धरतात, जाणकारासारखा गोल गोल फिरवतात, आणि घोट घेतला की कच्चं केळं चावल्यासारखं तोंड करतात. मला त्यात दर वेळी थोडी मजा वाटते. मग मी त्यांना सांगते, घाई करू नका, ही माणसाळायला वेळ घेते. दुसरा घोट जरा बरा लागतो. तिसऱ्याच्या वेळी समोर खायला काय आहे ते बघावं लागतं, कारण या वाइनचं उपाशी माणसाशी पटत नाही.

मी काम करते ती वायनरी मिरजेहून कवठे महांकाळकडे जाताना एका माळावर आहे. लहानशीच आहे. चारी बाजूंना द्राक्षबागा, पलीकडे हिरव्या जाळ्या लावलेल्या बेदाण्याच्या शेड, आणि वारा. दुपारी हा वारा असा एकसुरी वाहतो की बोलता बोलता माणसाची तंद्री लागते. पिंपांच्या खोलीत मात्र वारा पोचत नाही. तिथं गार अंधार असतो, आणि ओल्या लाकडाचा, आंबूस-गोड असा वास. पाहुणे नसले की मी तिथं नुसती बसते. डोळे मिटले की आधी वास येतात आणि त्यांच्या मागून माणसं येतात. बहुतेक वेळा आई येते, हातात कालथा घेऊन.

नाक मला आईकडून मिळालं. साताऱ्यात आमच्या गल्लीत तिच्या नाकाचा दरारा होता. तिसऱ्या घरात दूध उतू जायच्या बेतात असलं तरी ती इथून हाक मारायची. आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झाले, आणि रोज संध्याकाळी स्टीलच्या ग्लासात कॅन्टीनची रम घेऊन बसायचे. त्यांनी बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, तरी किती घेतली ते आई उंबऱ्यावरूनच सांगायची. सीमेवर कुणाला दाद दिली नाही, पण घरात या नाकापुढं माझं काही चालत नाही, असं आबा म्हणायचे.

पण त्या नाकाचा खरा मान उन्हाळ्यात असायचा, वर्षाची चटणी करताना. बाहेरच्या लोकांना चटणी म्हटलं की ताटातली डावी बाजू आठवते. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभर प्रत्येक कालवणात पडणारा कांदा-लसणाचा लाल मसाला. मिरच्या वाळवायच्या, कांदा उन्हात कडक करायचा, खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर कांडून आणायचं. यातलं भाजणं सगळ्यांत अवघड. कढईतला मसाला आधी एक वास देतो, मग दुसरा देतो, आणि मग एका क्षणाला त्याचा वास फिरतो. फिरला की उतरवायचं. आधी उतरवला तर चटणी कच्ची, जरा उशीर झाला तर कडू, आणि ती कडू चटणी मग वर्षभर खायची. गल्लीतल्या बायका आपापल्या कढया आमच्या परसात घेऊन यायच्या आणि आई उन्हात पाटावर बसून एकेकीला सांगायची, तुझं झालं, तुझं अजून हाय. बघायचीसुद्धा नाही. डोळे मिटलेले असायचे.

तर असलं नाक घेऊन मी द्राक्षांचं शिक्षण घेतलं, सांगलीला आले आणि वाइनमध्ये पडले. गल्लीनं नाकं मुरडायची ती मुरडलीच. सुभेदाराची पोरगी दारूच्या कारखान्यात जाते, असं कुणी म्हटलं की आई शांतपणे सांगायची, द्राक्षाच्या कारखान्यात. आबांना वेगळीच लाज वाटायची. त्यांच्या मते वाइन हे खोकल्याचं औषध, आणि ते पाहुण्यांना पाजून पगार घेणं म्हणजे फसवणूक.

मग एका हिवाळ्यात आईला ताप आला. आठवडाभर होता आणि गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं चटणी केली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. दुकानातून पाकिटं आणली आणि बरणीत ओतून ठेवली. मी एकुलती एक, साताऱ्याला महिन्यातून एकदा जायचे. कालवण चाखलं आणि तिला चिडवलं, की तू आता नाकानं कांदे सोलायचे सोडून पाकिटं फोडायला लागलीस का. ती हसली. ती बारीक झाली होती. जेवताना पुढ्यातली भाकरी कुस्करत बसायची. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. उभ्या आयुष्यात स्वयंपाकघराची पायरी न चढलेले आबा आता फोडणीच्या वेळी तिच्या मागं जाऊन उभे राहायचे. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या वायनरीच्या मालकांनी एक काम दिलं. पाहुण्यांना वाइनबरोबर परदेशी चीज आणि बिस्किटं देण्यापेक्षा आपल्या मातीतलं काही द्यावं, जड वाइनला साजेल असं, आणि ते काय ते मी ठरवावं. मला पहिल्यांदा आईचं सुकं मटण आठवलं. ही वाइन रंगानं पिकल्या जांभळासारखी, वासाला काळी तुती, काळी मिरी आणि कोरड्या तंबाखूची, आणि तोंडात घेतली की पाण्यासारखी पळत नाही, निरशा दुधासारखी जिभेवर बसते. अशा वाइनपुढं हलकंफुलकं अन्न टिकत नाही. तिला समोर तोलामोलाचं माणूस लागतं. एक बाटली पिशवीत घालून मी शनिवारी साताऱ्याची एसटी धरली.

संध्याकाळी आबांना पेलाभर दिली. त्यांनी चव घेतली, छताकडं बघितलं आणि गाढवाला गुळाची चव काय, असं स्वतःलाच म्हणून रमकडं वळले. बाटली निम्म्याहून जास्त उरली होती. बूच काढताना तुटलं होतं, म्हणून उरलेली वाइन मी जांभळाच्या रसाच्या एका रिकाम्या बाटलीत ओतली आणि फ्रिजच्या दारात ठेवली. आबांना साखर आहे. त्यांच्यासाठी जांभळाचा रस आमच्याकडं बारा महिने असतो, आणि त्याच्या बाटल्या धुऊन ठेवायची आईची सवय. फ्रिजमध्ये त्या बाटलीच्या शेजारी तसलीच दुसरी बाटली असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी मी मटण आणायला गेले आणि आबा दाढी करायला गेले. तेवढ्यात वाईहून आत्या आली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, गळ्यात तुळशीची माळ, आणि तिच्यासमोर आबासुद्धा रमचं नाव काढत नाहीत. मी परत आले तेव्हा दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या होत्या. दोघींपुढं कप होते. आत्यानं पदर नाकाला लावला होता आणि तिचा कप काठोकाठ भरलेला होता. आईचा अर्धा झाला होता.

"घ्या की वन्सं," आई म्हणत होती. "जांभळाचं हाय. आवंदा जरा तुरट झालंय, पर पोटाला चांगलं."

मला वास दारातच आला. काळी तुती, मिरी, तंबाखू. हातातली पिशवी तशीच खाली ठेवून मी आत्याचा कप उचलला. आता आकाश कोसळणार, असं मला वाटलं. पण आत्या माझ्याकडं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरली होती ती.

"वैनी," तिनं पदर खाली घेतला, "तुला वास येत न्हाई. कवापास्नं?"

आईनं कपात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. लहान मूल चोरी पकडली गेल्यावर बघतं तसं. मी तिला तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते सोसलं नाही.

त्या तापात गेला, ती म्हणाली. ताप उतरला, खोकला राहिला, आणि एक दिवस लसूण ठेचताना लक्षात आलं की हाताला काही वासच नाही. आधी वाटलं सर्दी असेल. मग डॉक्टर झाले, नाकात टाकायचं औषध झालं. येईल, नाही तर नाही येणार, वाट बघा, असं ते म्हणाले. मीठ कळतं, तिखट झोंबतं, साखर कळते, बाकी सगळं माती. मटण काय आणि कोबी काय, सारखंच. मला का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. वासावर तुझं पोट आहे, तुला सांगून कशाला भीती घालायची.

दाढी करून गुळगुळीत चेहऱ्यानं आबा आले आणि दारातूनच सगळं समजले. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. फोडणीच्या मागं उभं राहणं ते त्यासाठी होतं. त्यांनी आईचं नाक व्हायचं ठरवलं होतं. पण चाळीस वर्षं रम आणि बुटाचं पॉलिश यांखेरीज कशाचा वास न घेतलेलं ते नाक. लसूण जळला तरी ठीक, कच्चा राहिला तरी ठीक. "ठीक हाय" एवढा एकच शेरा त्यांना यायचा, आणि आई तो ऐकून गॅस बंद करायची. वर्षभर हे दोघं असं एकमेकांना सांभाळून घेत होते. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी मटण धुवायला घेतलं.

आत्यानं हात धुतले, चूळ भरली, एक थेंबही तोंडात गेला नव्हता तरी. पांडुरंगानं नाक शाबूत ठेवलं म्हणून वाचले म्हणाली, आणि देवळात जाऊन येते सांगून गेली. मला वाटतं, आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून गेली.

आईनं तोवर तो कप सोडला नव्हता. तिनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"पर ह्यात कायतरी हाय," ती म्हणाली. "जीब आखडती. वर्षात पयल्यांदा कायतरी आलं तोंडात."

त्या क्षणी मला माझं सगळं शिक्षण पहिल्यांदा उपयोगी वाटलं. मी तिला सांगितलं की तुरटपणा हा वास नाहीच, आणि चवही म्हणशील तर नाही. तो स्पर्श आहे. द्राक्षाची साल आणि बी वाइनमध्ये मुरतात, त्यांतलं टॅनिन जिभेवर येतं आणि तोंडातला ओलावा धरून ठेवतं. आवळा, हिरडा, सुपारी, कच्चं केळं, सगळ्यांची तीच जात. नाक गेलं तरी ते जात नाही, कारण ते नाकाचं नव्हतंच. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे जीभ अजून माझी आहे.

त्या दुपारची आठवण माझ्याकडं सलग नाही. उजेड आठवतो. परसाच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि फरशीवरून हळूहळू सरकत होतं. काचेचा पेला मी मुद्दाम काढला होता, त्यातून एक लालभडक डाग भिंतीवर पडला होता, आणि किल्ल्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं पडदा हलला की तो डागही हलायचा. मटण शिजत होतं. मी आईच्या समोर मांडी घालून बसले होते आणि ती चहाच्या चमच्यानं वाइन घेत होती, औषधासारखी. दारूचा थेंब कधी न शिवलेली माझी आई. आबा दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, माझी रम बंद करायला निघालेली बाई आता सोता बसली बघा. आईनं ते कानावरच घेतलं नाही. तिचं सगळं लक्ष तोंडाच्या आत होतं.

आधी नुसती वाइन. जीभ आखडली. मग मी तिला मटणाचा तुकडा दिला, मुद्दाम चरबीचा. तो चावून तिनं पुन्हा चमचाभर घेतली. तिच्या भुवया वर गेल्या. आता आखडत नाही, मऊ झाली म्हणाली. हेच मी पाहुण्यांना रोज सांगते, की मटणाचा स्निग्धपणा वाइनच्या तुरटपणाला धरतो आणि दोघंही निवतात. पण सांगणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तुकडा, चमचा. तुकडा, चमचा. वर्षभर कोबी झालेलं मटण आज काहीतरी करत होतं, वाइनला शांत करत होतं, आणि ते तिला जाणवत होतं. ती दोन भाकऱ्या जेवली. आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि कांदा झोंबला म्हणाले. कांदा कुणी चिरलेला नव्हता.

मग तो आमचा छंदच झाला. मी दर महिन्याऐवजी दर आठवड्याला जायला लागले, बाटली घेऊन. आबांनी त्या बाटलीवर खडूनं मोठी फुली मारायला सुरुवात केली, आत्यासाठी. दुपारी जेवणं झाली की परसाच्या दाराशी आमची बैठक. मिरचीच्या खरड्याबरोबर वाइन घेतली तेव्हा आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. जड वाइन तिखटाला आणखी पेटवते, ते दोन्ही एकत्र घ्यायची चूक नवशिके करतातच. पण ती हसत होती, झोंबलं म्हणून. कंदी पेढ्याबरोबर वाइन आंबट झाली. रुसली, आई म्हणाली, गोडावर हिचा राग दिसतो. भाजलेल्या शेंगदाण्यांशी जमलं. चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताशी फार चांगलं जमलं, वांग्याची साल थोडी राहू दिली की. इस्लामपूरच्या ढाब्यावरून मी अख्खा मसूर बांधून नेला. आईनं त्यावर तूप सोडलं, घास घेतला, चमचा घेतला आणि पुन्हा घास घेतला. मग म्हणाली, ह्या दोघांचं लग्न लाव. त्या मसुराच्या जाड, मऊ दाण्यांना वाइनचा तुरटपणा नेमका हवा असतो. आमच्या वायनरीत शाकाहारी पाहुण्यांना आज तेच देतात, आणि त्यामागं जिला वास येत नाही अशी बाई आहे हे त्यांना माहीत नाही.

ऊन तापायला लागलं तसे गल्लीतल्या गच्च्यांवर मिरच्या दिसायला लागल्या. मी विषय काढला. आईनं मान हलवली. जेवण हे जेवण आहे म्हणाली, त्याला जीभ पुरते, पण चटणीला नाक लागतं. वास फिरलेला कळला नाही तर गल्लीच्या कढया मी जाळायच्या का? आबा म्हणाले, मी आहे की. आईनं त्यांच्याकडं फक्त बघितलं.

मी म्हणाले, माझं नाक आहे. तुझंच आहे ते.

ती भांडी आवरायला उठली. पण पुढच्या खेपेला गेले तर परसात मिरच्या वाळत होत्या.

ज्या दिवशी भाजायचं त्या दिवशी तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही तिघंच होतो. तिनं पाट मांडला, चूल पेटवली आणि कढई ठेवली. कांद्याला हात लावूनच ती सांगत होती, मोडला की आवाज येतो तेवढा वाळलाय. खोबऱ्याचा रंग बघून उतरवलं. तीळ तडतडले ते ऐकून उतरवले. मग शेवटी दगडफूल, धणे आणि बाकीचा खडा मसाला थोड्या तेलावर पडला, आणि तिनं कालथा फिरवत डोळे मिटले. सवयीनं. मग उघडले.

"सांग," ती म्हणाली. "काय येतंय?"

मी शिकलेली होते. मी ओलं जंगल म्हणाले, कातडं म्हणाले, धुरकट मसालेदार म्हणाले. पाहुणे या शब्दांवर खूश होतात. आईला राग आला.

"ते पावण्यांचं ठेव तिकडं. मला कळंल असं सांग."

मी पुन्हा वास घेतला आणि या वेळी शब्द शोधले नाहीत. वायनरीच्या गार खोलीत डोळे मिटून बसते तशी बसले. भिजलेलं घोंगडं, म्हणाले. धनगरवाड्यावर पावसात वाळत घातलेलं. आई लगेच म्हणाली, ते दगडफूल, अजून हाय. कालथा फिरत राहिला. मग गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडं जळतात तो वास आला. मी सांगितला. तिनं मान डोलावली, तेल सुटलं, अजून हाय. आबा श्वास रोखून उभे होते. उन्हानं परसातली हवा थरथरत होती. मी सांगायची आणि तिच्या चेहऱ्यावर ते उमटायचं. मी घोंगडं म्हटलं तेव्हा तिला घोंगडं आलं होतं, हे मला दिसलं. मला त्या वेळी एकच भीती होती, की वास फिरेल आणि मला तो कळणार नाही. तो कसा असतो हे तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. तिला सांगायची गरज नव्हती.

आणि मग तो फिरला. धूर तोच होता, पण त्याच्या आतून एक उबदार, गोडसर, झोंबरं काहीतरी वर आलं, आणि मी परसात राहिलेच नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तिच्या कमरेइतकी होते, मागून तिला मिठी मारली होती, आणि माझं सगळं तोंड तिच्या लुगड्यात बुडालं होतं. चटणीच्या दिवसांत ती सगळी अशीच असायची. धुतलं तरी जायचं नाही.

"आई," मी म्हणाले, "तुझ्या पदराचा वास आला."

कालथा थांबला.

"मग झालं," ती म्हणाली. "उतरव."

मी कढई उतरवली. आबा पुढं आले, वाकले, नाक लावलं, आणि ठीक हाय म्हणाले. मसाला परातीत पसरला. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवला, कडू नव्हता. मग तिनं खांद्यावरून पदर ओढून नाकाला लावला आणि डोळे मिटून तशीच थोडा वेळ बसून राहिली. मी वाट बघत होते. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. मग तिनं तोच पदर माझ्या तोंडापुढं धरला.

"मला न्हाई येत," ती म्हणाली. "तू घेऊन ठेव."

मी घेतला.